विहिरीकडच्या कोपऱ्यातला हुरडा

राजापेठ, अमरावती
१७ डिसेंबर १९६३

तीर्थरूप डोमाजीमामांस, भाचा देवमन याचा सप्रेम जयभीम.

मी खुशाल आहे (हे प्रकृतीपुरतं, नोकरीचं पुढे येतं). तुमच्या कंबरेला तेल लावणं चालू असेल आणि केशरमामीची बोलणी खाणंही. आईला सांगा, मफलर पोचला, वर्गातसुद्धा गळ्यात असतो. आमच्या घरमालकीण पंचफुलाबाई तुमची फार आठवण काढतात. दिवाळी उलटल्यावर तुम्ही आला होतात, तेव्हा त्यांच्या म्हशीला कुठून तरी ज्वारीचे हिरवेगार धांडे आणून घातलेत. तेव्हापासून माझ्या चहात दूध दिसू लागलं आहे.

आमच्या कॉलेजात यंदा निघालेला नवा विषय मी तुम्हाला त्या मुक्कामात सांगितला होता, पण तुम्ही घोरत होतात, म्हणून पुन्हा सांगतो. नाव 'जमीन, पाणी आणि माणूस'. शिकवायला आम्ही चौघे: रसायनशास्त्राचे बोंडे सर, वनस्पतिशास्त्राचे गावंडे सर, अर्थशास्त्राच्या सुभद्राबाई राऊत आणि समाजशास्त्राचा मी. चौघांनी एकाच तासाला, एकाच फळ्यावर शिकवायचं. कल्पना अशी की जमीन एकच असते, तिचे तुकडे फक्त कॉलेजात पडतात. कल्पना उत्तम आहे, फळा मात्र लहान आहे. बोंडे सर मातीतले क्षार लिहितात, ते बाहीने पुसून गावंडे सर तिथे तुरीची मुळं काढतात, मुळं पूर्ण व्हायच्या आत सुभद्राबाई "पण परवडतं का?" असं विचारतात आणि त्यावर जे भांडण जुंपतं त्याला पोरं तास म्हणतात. मी 'माणूस' शिकवायला उभा राहिलो की घंटा होते. (आजवर माणूस एकदाही शिकवून झालेला नाही.)

या विषयाचा एक प्रयोगही आहे. कॉलेजच्या मागचं वावर निम्मं-निम्मं केलं. एका निम्म्यात नुसती कपाशी आणि पोत्यातलं खत. दुसऱ्यात शेणखत घालून ज्वारी, मध्ये तुरीच्या आणि मुगाच्या ओळी, आपल्याकडे पूर्वीपासून घालतात तशा. कोणती जमीन नातवांच्या काळापर्यंत जिवंत राहते, हे वर्षानुवर्षं मोजत जायचं आहे. पहिल्या वर्षाचं माप पाहायला येत्या शनिवारी विद्यापीठाची समिती येते आहे. तिला पटलं तर विषय राहील आणि माझी तात्पुरती जागा कायम होईल; नाही पटलं तर मार्चनंतर मी तुमच्या वावरात निंदायला हजर. मामा, निंदायची मला लाज नाही. पण आपल्या घराण्यात हातात खडू घेऊन वर्गापुढे उभा राहिलेला मी पहिला, आणि हा भांडखोर तास मला मनापासून आवडतो. तो जाऊ नये असं फार वाटतं.

आता हुरड्याकडे वळतो, कारण सगळं त्यातूनच उद्भवलं. तुम्ही पहाटे कुठेसे जाऊन आलात, माझ्या खोलीमागे आगटी पेटवलीत आणि गरम कणसं चोळून मला उठवलंत. "खाय ना बावा, लाजून काय राह्यला?" मी लाजत नव्हतो, झोपेत होतो. पण तो हुरडा! वर मामीने दिलेली जवसाची चटणी! उरलेला मी डब्यात घालून कॉलेजात नेला आणि "आमच्या बाळापूरचा आहे" असं सांगून तिघांना दिला. बोंडे सरांनी डोळे मिटले, ते डबा रिकामा झाल्यावर उघडले. पुढचा अख्खा तास त्यांनी बाळापूरच्या मातीवर घेतला. मन नदीचा गाळ, त्यातला चुना, त्यातलं पालाश, आणि त्यामुळे दाण्यात उतरणारी गोडी, जी आमच्या कॉलेजच्या मातीत या जन्मी उतरणार नाही.

गावंडे सर भडकले. "आमच्या वावराले काय धाड भरली?" असं म्हणत ते त्याच संध्याकाळी तुलना करायला प्रयोगाच्या ज्वारीत शिरले. तुलना एका कणसावर होत नाही, म्हणून त्यांनी बरीच मोडली. मग बोंडे सर पृथक्करणासाठी गेले (खिशात तिखट-मीठ होतं). सुभद्राबाई बाजारभावाचा अंदाज घ्यायला सहकुटुंब गेल्या. मी लोकमत अजमावायला सगळा वर्ग घेऊन गेलो, आणि लोकमत अतिशय अनुकूल पडलं. जो तो समजत होता की आपणच तेवढे गेलो, दहा-पाच कणसांनी वावर थोडंच ओस पडतं?

परवा माप झालं. कपाशी भरभरून भरली, कारण कपाशी कोणी भाजून खात नाही. ज्वारीचं टोपलं मात्र तळाशीच राहिलं. सुभद्राबाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "कागदावर ज्वारी बुडाली." म्हणजे शास्त्राने असं सिद्ध झालं, की आपल्या बापजाद्यांची रीत अगदी कुचकामाची आहे, आणि ती कुचकामाची ठरली का, तर चवीला चांगली म्हणून!

मग मामा, एक चमत्कार घडला. चौघे चोर एका फळ्यापुढे उभे राहिले. गावंडे सरांनी मुंडकं मोडलेले धांडे मोजले. कोवळं कणीस पिकलं असतं तर किती भरलं असतं, ते बोंडे सरांनी काढलं. कोणी किती खाल्लं ते विचारायचं काम माझ्याकडे आलं (सगळ्यांनी निम्मंच सांगितलं, धांड्यांनी तोंडावर पाडलं, तेव्हा कबूल झाले). त्या सगळ्याला सुभद्राबाईंनी अकोल्याचा भाव लावला. एकमेकांचं अक्षर कोणी पुसलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा माणूसही शिकवून झाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला उगाच भरून आलं.

गाडी अडली ती विहिरीकडच्या कोपऱ्यावर. तिथली ज्वारी सगळ्यांच्या आधी गेली, आणि तीही विळ्याने बुडापासून. तेव्हा ते रानडुकरावर ढकलून गावंडे सरांनी लगेच वखर फिरवून हरभरा पेरला, त्यामुळे मोजायला आता बुडखेही नाहीत. त्या कोपऱ्याचा आकडा मिळाल्याशिवाय सुभद्राबाई सही करत नाहीत, आणि सही नसली तर समिती सगळ्यालाच अंदाजपंचे म्हणेल. असो. तुम्हाला या कटकटी कशाला सांगू? मामीस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुमचा भाचा,
देवमन

ता. क. पाकीट चिकटवणार तोच पंचफुलाबाई म्हणाल्या, "तुमचे मामा कवा येतात? त्या कॉलेजातल्या धांड्यायनं म्हैस खुश झाली होती." मामा, म्हणजे तो बाळापूरचा हुरडाही विहिरीकडच्या कोपऱ्यातलाच! मी तुम्हाला विचारलं नव्हतं आणि तुम्हीही सांगितलं नव्हतं, तेव्हा भांडण नाही. फक्त किती कणसं तोडलीत तो आकडा उलट टपाली कार्डावर कळवा. मामीसाठी पिशवीतून नेली तीही धरा.

दुसरा ता. क. बोंडे सरांना आज सगळं सांगितलं. आधी ते लाल झाले, मग हसत सुटले. गोडी चाखताना माती कोणाची हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांची साक्ष निःपक्षपाती ठरते, असं सुभद्राबाईंचं मत पडलं. शनिवारी समितीपुढे ते तेच व्याख्यान देणार आहेत. नदीचा गाळ काढून तिथे आमचं शेणखत घालायचं, बाकी तसंच. राहिला फक्त तुमचा आकडा. खरा लिहा मामा, आता लाजून काय राह्यले?