दगड जातात कुठे

५ ऑगस्ट, मंगळवार
आज पुन्हा. नळ्याच्या पुलावरचा तोच खड्डा. पुढचं डावं चाक आत, खालून धाडकन आवाज, आणि यांच्या तोंडून "आई गं". बीडहून डायलिसिस करून परत येताना माणूस आधीच पिळून काढलेला असतो, त्यात हा दणका. हळूच चालवत होते मी, पण पाणी साचलं की खड्डा केवढा ते कुणाला कळतंय? रिम वाकली.
उतरले, रिवाजाप्रमाणे एक दगड उचलून खड्ड्यात टाकला. आमच्या गावचा कायदाच आहे, ज्याची गाडी आपटेल त्याने एक दगड टाकून मगच पुढे जायचं. सुरुवात यांनीच केली, बँकेत नोकरीला होते तेव्हा, इथे मोटारसायकल पडली त्या दिवशी. आता ट्रॅक्टरवाले टाकतात, जीपवाले टाकतात, लग्नाला आलेले पाहुणेसुद्धा टाकतात. हे गाडीत बसून, दम लागलेला तरी मिश्कील, "माझ्या नावाचा बी एक टाक." दोन टाकले.

८ ऑगस्ट, शुक्र.
हे मशीनवर असताना शब्बीरभाईंच्या गॅरेजला जाऊन रिम ठोकून आणली. ते गाडीखालून म्हणाले, "मॅडम, खालचा आर्म बी चाललाय, चाक धरून ठिवतो तो. कटकट वाजतंय का न्हाई?" वाजतंय. मला वाटलं डिकीत स्टेपनी हलतेय. काम दिवसभराचं. गाडी इथे ठेवली तर यांना परत कशातून नेऊ? एसटीत उभं करून?
"मग हळू चालवा," म्हणाले. "लई हळू."
शाळेतून रिटायर झाल्यावर गाडी शिकले तेव्हा गावातले म्हणत होते, बाईंना म्हातारपणी हौस आलीय. हौसच ही. आठवड्यातून दोनदा, मंगळवार आणि शुक्रवार.

१२ ऑगस्ट, मंगळवार
टायर फुटला. जागा सांगायला नकोच. चाकावरची चकती निखळून उतारावरून गडगडत ओढ्यात गेली. मागून गावातल्या बबनची जीप आली, त्याने चाक बदलायला घेतलं. मी चकती आणायला खाली उतरले.
उतरायला नको होतं. की हवंच होतं?
पुलाखालून पाणी जायचा सिमेंटचा नळा, त्याचं तोंड दगडांनी गच्च. आमचेच दगड. एक तर चुन्याने रंगवलेला, माझ्या शाळेच्या मैदानाच्या कडेचा, पोरांनी उत्साहाने आणून टाकलेला. वरचा खड्डा म्हणजे खड्डा नाहीच, नळ्याला पडलेलं भोक आहे. आम्ही वरून टाकतो, ते खाली जाऊन नळा बुजवतं. पाण्याला वाट नाही म्हणून ते बाजूची माती खातं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. इतकी वर्षं कुणीच कसं विचारलं नाही, एवढे दगड जातात कुठे?
बाजूच्या मातीतल्या भगदाडात हात घातला. खांद्यापर्यंत गेला. पुढे काही लागलंच नाही, नुसतं गार.
वर आले तर बबन खड्ड्यात दगड टाकत होता.
"अरे, टाकू नको!"
"कावून बाई? टायर तुमचा गेलाय, तुमच्याच नावाचा टाकतोय की."

१३ ऑगस्ट, बुधवार
सरपंचांकडे गेले. मोबाइलवरचे फोटो दाखवले. त्यांनी ते उलटेसुलटे करून पाहिले.
"बाई, खड्डा भरला न्हाई तरी तक्रार, भरला तरी तक्रार. गणपतीच्या आधी रस्ता होणार हाय. लिंबागणेशला दर्शनाला साहेब यायलेत."
म्हटलं, वरचं राहू द्या, खालचं बघा.
"खाली कोन बघतंय?"
खरं बोलले बिचारे.
संध्याकाळी विहाराच्या भोंग्यावरून सांगितलं, पुलावरच्या खड्ड्यात दगड टाकू नका. लगेच पारावर सुरू, "अण्णांनीच चालू केलं अन् आता बाईच न्हाई म्हणत्यात." यांच्या, म्हणजे गावाच्या अण्णांच्या, कानावर आलंच. जेवले नाहीत. पाठ करून पडले होते. मी चिडले, म्हटलं, तुम्ही एक दगड टाकला होता, पूल नाही पाडला.

१७ ऑगस्ट, रविवार
सुजयचा पुण्याहून फोन. "आई, बीडला खोली का घेत नाहीस?" जसं काही मला सुचलंच नाही. शुक्रवारीच एक पाहिली. दवाखान्याजवळ, तळमजला, अगदी हवी तशी. मालकाने चहा पाजला, नळ सोडून दाखवला, मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर त्याला आठवलं की खोली पुतण्याला द्यायचीय. दुसरी तिसऱ्या मजल्यावर. हे दोन पायऱ्यांत थांबतात.
सुजयला सांगितलं, हवा येत नाही रे खोलीत. त्याला कळलं असावं, विषय बदलला.
पाटोद्याकडून वळसा घालून बघितला होता मागे. तो रस्ता याचाच सख्खा भाऊ, वर दुप्पट लांब. परतताना यांचं बीपी उतरलं, डोळे फिरवले. पुन्हा नाही.
म्हणजे पूलच.

२१ ऑगस्ट, गुरुवार
डांबर आलं. दुपारपर्यंत खड्डा गायब. काळाकुळकुळीत, गुळगुळीत. वरून कीर्तन, आतून तमाशा.
मुकादमाला सांगितलं, खाली पोकळ आहे.
"आमाला वरचं काम हाय मॅडम."
पण मी उभी राहून बघत होते. रस्ताभर रोलर फिरवला, पुलाच्या अलीकडे थांबवला. पुलावर नेलाच नाही. तिथे माणसांनी हाताने ठोकून घेतलं. पलीकडे रोलर न्यायला शेतातून, ओढ्यातून वाट काढली!
ठाऊक आहे त्यांना.
घरी येऊन उभ्या उभ्याच यांना सांगितलं. हे म्हणाले, "बस आदी. पाणी पी."

२२ ऑगस्ट, शुक्र. पोळा.
पुलाआधी गाडी थांबवली. म्हटलं, उतरा, चालत पलीकडे जा, मी एकटी गाडी आणते.
"येडी झालीस का?"
पण उतरले. सुजलेले पाय, काठी टेकत टेकत. मला बघवेना. तेवढ्यात मागून बबनचा हॉर्न. पूर्वी इथे गाडी रांगायची त्याची, आता सुसाट. जीप गच्च भरलेली, टपावर दोघं.
"बाई, एवढा झ्याक रस्ता झाला तरी नवऱ्याला पायी चालवता व्हय?"
आतल्या बाया खो खो हसल्या. जीप यांच्या बाजूने निघून गेली. काही झालं नाही.
येताना पुन्हा तेच. उतरा, चाला. मशीनवरून उठलेला माणूस. मधेच थांबले, वाकले, काठीने डांबर ठोकून बघितलं. काय ऐकू आलं ते मला सांगितलं नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार
कालपासून पाऊस. सकाळी पुलाच्या तोंडाशी बाभळीची फांदी रोवली, तासाभरात कुणीतरी उपटली. पुन्हा रोवली. सरपंचांनी माणूस पाठवला, "उद्या-परवा साहेब यायलेत, रस्त्यात काटे कशाला?" बांधकाम खात्याच्या कचेरीत फोन लावला, म्हणे सण झाल्यावर बघू.
खाली जाऊन आले. त्या दिवशी हात जात होता, आज वाकून माणूस जाईल. डांबराचा थर वर तसाच टांगलेला.
यांचा श्वास रात्रीपासून फुललाय. उद्याचा मंगळवार चुकवता येणार नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार. दवाखान्यात, बाहेरच्या बाकड्यावर.
आलो. म्हणजे पोचलो.
पुलापाशी थांबले. हे हलेनात.
"उतरा."
"न्हाई."
"अहो, उतरा म्हणते ना!"
"मी पलीकडं हुबा राहून काय बघू? तू खाली जाताना? जायचं तर दोघं."
खूप बोलले मी. इतक्या वर्षांत बोलले नसेन असं. रडले पण. हे समोर बघत बसले, बेल्ट मात्र सोडून ठेवला, माझाही सोडला. काचा खाली केल्या. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "चल आता, गाडी घे."
पहिला गिअर. खालचा आर्म कटकट वाजत होता आणि त्याच्याखाली आणखी कसला तरी आवाज, दबका. पलीकडे गेल्यावर आरशात पाहिलं. डांबरावर आडवी भेग. काल फांदी रोवायला गेले तेव्हा नव्हती.
आता बबनचा फोन येऊन गेला. इथे बीडला जोराचा पाऊस नाही, पण तिकडे ओढ्याच्या वरच्या अंगाला झालाय म्हणे.
"पुलावरून पानी चाललंय बाई, पर रस्ता दिसतोय. मी आत्ताच जीप काढली. तुमी बी या बिनघोर."
सांगितलं त्याला भेगेचं. म्हणाला, नव्या डांबराला जात्यातच की भेगा.
काचेतून हे दिसतात. डोळे मिटून पडलेत, चेहऱ्यावर जरा रंग आलाय. सिस्टर म्हणाली, आज छान चाललंय, वेळेत सोडू.
हे मशीन कधी एकदा थांबतं असं मला दर वेळी होतं. आज ते थांबूच नये असं वाटतंय.