पांढऱ्या पायाची

तीर्थरूप आई,

आज मी इतकी खूश आहे की बसमध्ये सातपूरचा स्टॉप गेला तरी कळलं नाही. गोविंद कोरोनात गेला तेव्हा दवाखान्याने त्याचं रक्त संशोधनासाठी ठेवून घेतलं होतं, आठवतं? तिथल्या डॉक्टरबाईंनी आज बोलावलं होतं. म्हणाल्या, "विषाणू शिरला की शरीरात आधी धोक्याची घंटा वाजावी लागते. ती वाजवणारं जनुक तुमच्या नवऱ्यात जन्मापासूनच बिघडलेलं होतं. म्हणून तुमचं सर्दीवर भागलं आणि तो धडधाकट माणूस गेला."

जन्मापासून, आई. म्हणजे मी तुमच्या घरात पाऊल टाकायच्या कितीतरी आधीपासून. बाराव्याला तुम्ही मला चारचौघींत पांढऱ्या पायाची म्हणालात आणि घोटीचं घर मला बंद झालं. आज मी भर रस्त्यात थांबून स्वतःच्या पायांकडे बघून हसत होते. लोक बघत होते, बघू देत.

मग मी विचारलं, हे येतं कुठून?

"मुलाला हे आईकडूनच येतं. तिला स्वतःला काही होत नाही. धाकट्या भावाचं रक्त तपासा. वेळीच कळलं तर सांभाळता येतं."

तनयला लगेच फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, उद्या सकाळीच येतो. आईला मात्र सांगू नका."

नाही सांगणार. हे पत्रही टाकणार नाही. आपल्यामुळे माणूस गेला, हे ऐकून जगणं कसं असतं ते मला माहीत आहे.

तुमची सून,
उत्तरा