नारिंगी पडद्याची हकिकत

राजापेठ, अमरावती
माघ वद्य षष्ठी

साडूबुवा शेषरावजींना पुंजाराम संत्रेवाल्याचा हात जोडून रामराम. अकोल्यात आपण आणि माणिकबाई खुशाल असाल, आपला खोकलाही गेला असेल असं धरून चालतो. (गेला नसेल तर कळवा, मध पाठवतो.)

पडद्यांना खरं काय लागलं ते आधी सांगतो: अठरा वार कापड, शिंप्याकडे पाच चकरा, कापडवाल्या गयासुद्दीनभाईंच्या दुकानातला नऊ कप चहा आणि आमच्या दुर्गाबाईंचा दोन दिवसांचा अबोला. आपणच लिहिलं होतं, की बार्शीटाकळीचे खुशालराव मुलासाठी आमची वच्छला पाहायला येणार, मंडळी नीटनेटकी आहेत, बैठक जरा शोभेलशी ठेवा. बैठकीच्या भिंती हिरव्या. त्यांना कोणता पडदा शोभेल यावर घरात तीन मतं झाली. दुर्गाबाई म्हणे मोरपंखी, वच्छला म्हणे सायीचा रंग, आणि गयासुद्दीनभाई म्हणत, “सेठ, रानी कलर ले जाव, डिप्टी साहब के बंगले में यही लगा है.” (माझे कान तिखट. मी पायरी उतरतो न उतरतो तोच पुढच्या गिऱ्हाइकाला निळ्या कापडाबद्दल हेच सांगताना ऐकलं.) मी नारिंगी धरला. भिंत म्हणजे पान, पडदा म्हणजे फळ. ज्या मालानं डोक्यावरची टोपली उतरवून मला गादीवर बसवलं, त्याचाच रंग दारावर नको? यावर दुर्गाबाई बोलली, “हे घर हाय का संत्र्याचं टोपलं?” आणि अबोला सुरू.

तिसऱ्या दिवशी ती आपणहून गयासुद्दीनभाईंच्या दुकानात आली, थान उलगडलं, भर बाजारात कापड तोंडावर धरलं आणि म्हणाली, “रंग तुमचा, कापड माह्यं. आतून पोरगा दिसला पायजे.” म्हणून इतकं पातळ कापड घेतलं. खिडक्यांना तेच, माजघराच्या दारालाही तेच. आतल्या बायांना बैठक दिसावी, बैठकीला बाया दिसू नयेत, अशी सोय.

परवा चारच्या सुमाराला मंडळी आली: खुशालराव, मुलगा उत्तमराव आणि नत्थुमामा नावाचे एक म्हातारे. वच्छला पोहे देऊन, दोन प्रश्नांची उत्तरं देऊन आत गेली. मग मी माजघराकडे पाठ करून बसलो आणि बैठक हाती घेतली. बडनेरा स्टेशनवर पहिली टोपली कशी विकली, वासावरून फळाची गोडी कशी ओळखतो, कलकत्त्याच्या दलालाला कसं पाणी पाजलं, सगळं हातवारे करून सांगितलं. काय सांगू शेषरावजी, असे श्रोते मिळत नाहीत! आधी मुलगा हसला, मग खुशालराव, मग नत्थुमामांना असा ठसका लागला की पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. दलालाच्या गोष्टीत हसण्यासारखं तसं थोडंच आहे, पण सांगणारा हवा. बोलण्यानं माणूस जिंकावा तर असा, हे मी स्वतःच स्वतःबद्दल लिहितो, कारण घरात कोणी म्हणत नाही.

जाताना मात्र ते “कळवतो” एवढंच म्हणाले. आणि तेव्हापासून वच्छला धड जेवली नाही. मुलगा नापसंत आहे का विचारलं तर मान हलवून नाही म्हणते आणि डोळे पुसते. माय विषय बदलते. पोरीच्या घशाखाली कोरडी भाकर जात नाही हे पाहून माझंही दुकानात लक्ष नाही. तरी खुशालरावांच्या मनात काय आहे ते हळूच काढून कळवावं. माणिकबाईंना नमस्कार.

आपला
पुंजाराम

ता. क. पत्र टपालात पडायच्या आत, आज सकाळी, खुशालराव स्वतः येऊन होकार देऊन गेले. वच्छला एका बैठकीला चार भाकरी जेवली.

ता. क. दुसरा. झालं असं, की उकाडा म्हणून दुर्गाबाईनं माजघराचं मागचं दार उघडं टाकलं होतं. मावळतीचं ऊन आत, बैठकीत अंधार. त्यामुळे माझ्या पाठीमागच्या पडद्यावर वच्छलाची सावली लख्ख उमटली, आणि ती तिथं उभी राहून माझी नक्कल करत होती. पोटावरून हात फिरवणं, एक डोळा मिटून संत्र्याचा वास घेणं, बोट नाचवणं, सगळं. मंडळी गेल्यावर दुर्गाबाई कपबशा उचलायला बैठकीत आली, तेव्हा तिला पडद्यावर लेकीची सावली दिसली आणि पाहुणे कशाला हसत होते ते कळलं. सोयरीक मोडली म्हणून दोघी घाबरून गप्प. खुशालराव आज म्हणाले, “पोराची माय गेली तवापासून आमच्या घरात कोनी हासलं नव्हतं, पुंजारामजी. अशीच पोरगी पायजे आमाले.” माझे डोळे भरून आले. (त्याचीही नक्कल आता झाली असेल.)

ता. क. तिसरा, आणि खरं काम. माजघराच्या दारासाठी अकोल्याहून सहा वार जाड कापड पाठवावं. रंग कोणताही चालेल. उन्हात धरून पाहावं, पलीकडचं काही दिसता कामा नये.

कलकत्त्याच्या दलालाची गोष्ट आवडली का, असं मी खुशालरावांना विचारलं. त्यांना एकही गोष्ट आठवत नाही.