पुस्तकातली मापं

प्रिय सखे,

दोन वर्षं आपण रोज मोबाईलवर लिहून बोलतो, भेट मात्र एकदाही नाही. म्हणून तुला कोट शिवायचा हट्ट धरला, मापं मागितली. तू पाठवलीस. कापड बेतायला बसले आणि कात्री हातातच राहिली. सगळी मापं माझ्या शिवणाच्या पुस्तकातल्या पहिल्या नमुन्याची, अर्ध्या इंचासकट! बावीस वर्षं लोकांची मापं घेतेय गं. पुस्तकासारखं अंग एकाचंही निघालं नाही.

मग तू कोण? बाई तरी आहेस का?

कोट शिवलाच. दुकानातल्या पुतळ्याला चपखल बसलाय.

हे पत्र धाडणार नाही. तू गायब झालीस, तर "जेवलीस का?" म्हणून मला कोण विचारणार?

मापं अगदी बरोबर होती, असं मघाशीच कळवलंय तुला.

तुझीच,
शिंपीणबाई