अकरा कार्डं आणि एक नोटीस

प्रिय मावशी,

लांबूनच नमस्कार (जवळ येऊन केला असता, पण तुझ्या हाताला इस्त्रीची सवय आहे). गुडघा कसा आहे? ताईकडे आराम मिळतोय ना? मी बरा आहे, म्हणजे जेवतो, झोपतो, पण एक गोष्ट तुला सांगायची राहिलीय.

आता सांगूनच टाकतो. आपल्या शर्टाच्या कारखान्यात दर अकरा महिन्यांनी मालक सगळ्यांना एक दिवस घरी बसवतो आणि दुसऱ्या दिवशी नवं कार्ड देतो, म्हणजे कुणाचं वर्ष कधी भरतच नाही. तुझी अशी अकरा कार्डं झाली (इतकी वर्षं इस्त्री केलीस, कागदावर मात्र कालच लागलेली). तूच मला तिथं चिकटवलंस आणि रोज "हात चालव, तोंड नको" म्हणायला लागलीस, म्हणून तुझी एकदा गंमत करावी असं डोक्यात आलं. मालक जेवत होता, शिक्का टेबलावर होता. 'नव्या कायद्यामुळे इस्त्रीवाल्यांना (म्हणजे तुला एकटीला) एक तारखेला सुट्टी' असं लिहून, शिक्का मारून फळ्यावर लावलं. वाटलं, दोन तारखेला येशील, मला शिव्या घालशील, आपण हसू.

कायदा खरंच आलाय हे मला काय माहीत? पेपर मी डब्याखाली पसरायला घेतो. एक तारखेला सरकारी साहेब आले, हजेरीपटावर ज्यांची नावं होती ते सगळे कायम, दर अकरा महिन्यांनी घरी बसवलेला तो एक दिवस धरायचा नाही म्हणाले. मला चार महिने झालेत, मी कायम. तुझ्या नावापुढं मालकानं लिहिलं, 'काम सोडून गेली'. मावशी, त्यानं नोटीस सकाळीच वाचली होती. फाडली नाही, नुसता चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशी त्यानं तुला दारातून परत पाठवलं तेव्हा मी गठ्ठ्यामागं कॉलर मोजत होतो, एकच कॉलर तीनदा मोजली. जाताना तू म्हणालीस, "तू तरी टिकलास, बरं झालं." त्यापेक्षा कानाखाली वाजवली असतीस तर बरं वाटलं असतं.

आता तुझी इस्त्री मी चालवतो. म्हणजे परवापर्यंत चालवत होतो. एकही बाही धड निघाली नाही.

तुझा भाचा (आई अजून तसं मानते)

ता.क. काल साहेबांना सगळं सांगितलं. मालकानं मला लगेच काढलं, पण आता काढायचं तर कारण लेखी द्यावं लागतं. रागाच्या भरात त्यानं लिहिलं, 'खोटी नोटीस लावून इस्त्रीवाल्या बाईला घरी बसवलं.' म्हणजे तू काम सोडलं नव्हतंस हे त्याच्याच अक्षरात आलं, खाली शिक्का (या वेळी त्यानंच मारला). मूळ कागद साहेबांकडे आहे, झेरॉक्स सोबत जोडलीय. शुक्रवारी अकराही कार्डं घेऊन त्यांच्या ऑफिसात ये.

ता.क. दुसरा. कामावर परत लागलीस की माझा डबा तिथं राहिलाय तेवढा आण. गेटबाहेर उभा राहीन. तेव्हा त्या शिव्या घाल, राहिल्यात.