कॅसेटच्या शेवटी उरलेलं लग्न

२१ नोव्हेंबर १९९४
लासुर्ण्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला रुजू झालो. घरमालक दादासोंच्या घरामागच्या दोन खोल्या मिळाल्या. खिडकीबाहेर ऊस, आत टीव्ही, व्हीसीआर आणि ट्रंकभर कॅसेटी. माणसाला आणखी काय हवं? ही जाऊन आठ महिने झाले. हिला भुताचे सिनेमे आवडायचे, मला अंतराळातले. भांडून दोन्ही बघायचो.

२४ नोव्हेंबर
परग्रहावरचा सिनेमा पाहिला. यानाला लग्नाच्या मांडवासारखी रंगीत माळ आणि आतले पाहुणे रबरी. एवढी अक्कल असलेली ही मंडळी दर वेळी पृथ्वीवरच का कडमडतात? दहापैकी चार गुण. एकट्याला हसायला मात्र येत नाही.

२७ नोव्हेंबर
इंदापूरचा नागेश व्हिडिओ लायब्ररी चालवतो. त्याच्याकडून भुताचा सिनेमा उतरवून घेतला. नवी कॅसेट कशाला, म्हणून ट्रंकेतली बिनलेबलाची दिली होती. पुसली जाऊ नये म्हणून तिच्या कडेचा तुकडा मोडलेला होता. पुन्हा भरता यावी म्हणून तिथे मीच चिकटपट्टी लावली. सिनेमा भिकार. भूत शेवटपर्यंत पाठमोरं, म्हणजे मेकअपचा खर्च वाचला. तरी हिने घाबरून माझा हात धरला असता.
सिनेमा संपला आणि पडद्यावर आमचं लग्न आलं.
लेबल सामान हलवताना पडलं असणार. अख्ख्या लग्नातली अकरा मिनिटं उरलीत. काय करून बसलो मी!

२८ नोव्हेंबर
पुन्हा पाहिलं. घास भरवणं, हिचं हसणं, शेवटी माइक हातात घेऊन माझा उखाणा. ‘कारखान्याचा भोंगा वाजतो बरोबर सातला’, आणि पुढे हिचं नाव. सगळा मांडव हसला होता. जन्मात हिचं नाव मी तेवढं एकदाच घेतलं. बाकी संसार ‘अगं’वर झाला. या वहीतही ‘ही’च आहे.

३० नोव्हेंबर
सिनेमा लांबलाय. घड्याळ लावून पाहिलं. भूत तीन मिनिटं जास्त चालतं, पाठमोरंच. लग्नाची आठ उरली. घास भरवणं गेलं.
हिने मला काय भरवलं होतं? जिलबी? आठवत नाही.

३ डिसेंबर
दादासोंच्या आई तानूबाई सकाळी आल्या. म्हणाल्या, “मास्तर, आमालाबी बाईंचं त्वांड बगू द्या की.” नाही म्हणवेना. पाहून डोळे पुसले. “लई गुणाची दिसती. पर मांडवात ती पाठमोरी कोन हुबी हाय?”
मला कुणी दिसलं नव्हतं.
आता चारच मिनिटं. हिच्या साडीचा रंग गेला. डोक्यातूनही.
कॅसेट ट्रंकेत. कुलूप लावलं.

८ डिसेंबर
हजेरी घेताना एक मुलगी उभी राहिली. सर, माझं नाव राहिलं, म्हणाली. हजेरीपटावर तेवढ्या एकाच जागी मला कोरं दिसतंय. तिने नाव सांगितलं. नुसती खरखर.
मग हिचं नाव आठवून पाहिलं. तीच खरखर.
बारामतीला ताईला फोन केला. तुझ्या भावजयीचं नाव सांग म्हटलं. खरखर. तीनदा सांगायला लावलं. ताई रडायला लागली.

१० डिसेंबर
नाव आता कॅसेटवरच. उखाण्यात. लावली तर तेही पुसलं जाणार. नाही लावली तर —
संसाराची आठ वर्षं ही एका हाकेसाठी थांबली असेल. किती सोपं होतं.

११ डिसेंबर, दुपार
पेन हातात. ऐकलं की लगेच लिहायचं. वहीवरचं पुसलं जात नाही.
अगं, माफ कर.
सिनेमा संपला. मांडव. ती पाठमोरी — माझ्याशेजारी, हिच्या जागेवर — वळतेय — बघायचं नाही, फक्त ऐकायचं — मी माइक घेतला —
कारखान्याचा भोंगा वाजतो बरोबर सातला,