मधल्याला तीनच मार्क पडले

धाकटे,

तुला थोरलीचे पोटभर आशीर्वाद, तुझ्या साहेबांना नमस्कार आणि नातवंडांच्या गालाला माझ्यातर्फे एकेक चिमटा. तुझी पाठ कशी आहे? साहेबांना ऑपरेशननंतर नीट दिसतं का, की अजून चहात मीठ घालतात? आम्ही सगळे धड आहोत. माझे गुडघे सोडून. ते कधीच धड नव्हते.

फोन न करता पत्र का लिहितेय म्हणशील, तर फोनवर आपल्या मधल्याचं नाव निघालं की तुझ्या गॅसवर काहीतरी उतू जातं आणि तू फोन ठेवतेस. अकरा वर्षं झाली, एवढं दूध तुझ्याकडे येतं तरी कुठून? पत्रात तसं करता येत नाही. तेव्हा वाच. मला माहीत आहे, तो तुझ्या पुढच्या खोलीत पेटती सिगारेट हातात धरून झोपला, पडदा पेटला, आणि नातवाचा पाळणा तिथून दोन हातांवर होता. तू म्हणालीस, हा सिगारेट सोडेल त्या दिवशी मी ह्याच्याशी बोलेन. तुझं काही चुकलं नाही, मीही तेच म्हटलं असतं. खरं सांगू, हा काही सोडत नाही असंच आपण दोघी धरून चाललो होतो. तर धाकटे, खाली बस. आज मधल्याला सिगारेट सोडून चौसष्ट दिवस झाले.

हे सगळं माझ्या नातीचं कर्तृत्व. (माझी म्हणून सांगत नाही. माझी आहे, आणि सांगतेय.) मधला उपचारांना जातो त्याच मनाच्या आजाराच्या दवाखान्यात ती नर्स आहे हे तुला ठाऊक आहे. तिथे जुने मोठे डॉक्टर आहेत, माणूस चांगला, पण त्यांचं म्हणणं असं की ह्या बिचाऱ्यांना दुसरं सुख काय आहे, ओढू देत. आणि पूर्वी तो भरती होता त्या दवाखान्यात तर काय, मधला सांगतो, अंथरुणाची नीट घडी घातली की एक सिगारेट, वऱ्हांडा झाडला की दोन. म्हणजे मुलाला लिमलेटची गोळी द्यावी तशी त्याला ही सवय लावली. आता पोरीने भर मीटिंगमध्ये मोठ्या डॉक्टरांना विचारलं, "सर, ह्यांच्यातले किती जण डोक्याच्या आजाराने जातात आणि किती छातीच्या? आणि सोडायचंय का, असं ह्यांना कोणी कधी विचारलंय?" तेविसाव्या वर्षी मी मोठ्यांपुढे शिंकायलासुद्धा घाबरत होते. डॉक्टर म्हणाले, विचार तू. आणि हिने विचारलं. वीस जणांपैकी चौदा जणांनी हो म्हटलं, त्यात मधला! मला तर शरमेने घाम फुटला गं. रोज सकाळी त्याचं पाकीट आणून टेबलावर ठेवणारी मीच. पंचवीस वर्षं. त्याला नको असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तर दर गुरुवारी त्यांचा वर्ग भरतो. एक लांबट खोली, भिंतीला टेकलेल्या खुर्च्या, खिडकीत पाण्याचा माठ. कोणी आवाज ऐकणारे, कोणी दारू सोडलेले, एक टेलर आहे, त्याने तीन वर्षांपूर्वी दारू सोडली आणि तेव्हापासून दुप्पट सिगारेट ओढत होता. तिथे कोणी कोणाला ओरडत नाही. मी म्हटलं होतं, चांगलं खडसावा. तर पोरगी म्हणते, आजी, तू पंचवीस वर्षं खडसावलंस, काय झालं? (मी पाकीटही आणत होते आणि खडसावतही होते. दोन्ही कामं मन लावून केली.) ती एवढंच विचारते, उठल्यावरची पहिली सिगारेट पाच मिनिटं उशिरा ओढाल का? बस. आता मधला घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. त्याला पाच मिनिटं म्हटलं की पाचच. सेकंदकाट्याकडे बघत बसायचा आणि शेवटची दहा सेकंद मोठ्याने मोजायचा. आमच्या घरी रोज सकाळी रॉकेट सुटायचं. असं पुढं ढकलत ढकलत पहिली सिगारेट जेवणाच्या वेळेवर आली, आणि मग सोडायचा दिवस त्याने स्वतःच ठरवला.

तिथे एक यंत्र आहे, नळीत फुंकर मारायची की छातीत धूर किती ते आकड्यात दिसतं. मधल्याला पहिल्या दिवशी एकतीस आले. मीही फुंकलं, मला दोन! चौथीत मला गणितात दोनच मिळाले होते, तेव्हा बाबांनी शाळा सोडवली. इथे त्याच दोनाला सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी घरी येताना जिन्यात भेटेल त्याला सांगत आले.

आता माझी फजिती. हसशील, हस. सिगारेट सोडल्यावर दंडाला एक चिकटपट्टी लावतात. त्यातून तंबाखूचं तेवढंच औषध हळूहळू अंगात जातं, धूर नाही, म्हणून जीव तळमळत नाही. पोरीने आठवड्याच्या सात पट्ट्या फडताळात ठेवल्या होत्या आणि रविवारी पहाटे ती तीन दिवसांसाठी ट्रेनिंगला बाहेरगावी गेली. त्या पट्ट्या कोणाच्या ते तिने मला सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा भाजी निवडत असेन. त्याच दिवशी गुडघ्यांनी माझा जीव काढला. फडताळ उघडलं तर छान चौकोनी पट्ट्या, आणि होत्याही नेमक्या तीन! मला वाटलं, पोरीने माझ्या गुडघ्यांसाठीच आणून ठेवल्यात, किती माया. दोन गुडघ्यांना दोन, एक कमरेला.

तासाभरात छत फिरायला लागलं. घाम, मळमळ, छातीत कोणी कपडे आपटतंय असं. मी मधल्याला हाक मारली. तो सोडल्याचा नववा दिवस होता, माणूस नुसता कावलेला, आदल्या दिवशी माझ्या कुकरशी भांडला होता. आला, बघितलं, आणि एका क्षणात त्याचा चेहराच बदलला. तिन्ही पट्ट्या काढल्या आणि ओल्या फडक्याने जागा पुसल्या. मी म्हटलं, साबण लाव. म्हणाला, "साबण नाही, नुसतं पाणी. वर्गात सांगितलंय. तू पाण्याच्या माठाशी गप्पा मारत होतीस." मग मला धरून तीन जिने उतरवलं, प्रत्येक पायरीला थांबत.

मोठ्या दवाखान्यात दाढीवाला तरुण डॉक्टर. कागदावर बघतो, माझ्याकडे बघतो. म्हणतो, "आजी, किती वर्षं ओढता?" मी उलट्या करत असल्याने नीट रागावताही आलं नाही. मधल्याने सगळं सांगितलं, किती पट्ट्या, किती वाजता लावल्या, किती वाजता काढल्या, मिनिटांसकट. डॉक्टर म्हणाला, तुम्ही काळजी घेणारे आहात तर. आणि धाकटे, नातेवाइकाच्या सहीचा कागद त्याने मधल्यापुढे सरकवला. आयुष्यभर त्याच्यासाठी सह्या आपण केल्या, आधी बाबांनी, मग मी. त्याने पेन घेतलं, दोनदा वाचलं, आणि 'रुग्णाशी नाते' ह्या रकान्यात लिहिलं, 'भाऊ'. मला सलाइन लावलं होतं म्हणून बरं, नाहीतर डोळ्यांतलं पाणी कुठून आलं ते कोणीतरी विचारलं असतं.

पण त्याच्या पट्ट्या मी संपवल्या होत्या ना! रविवार, सोमवार, मंगळवार, तिन्ही दिवसांच्या. आणि संध्याकाळी मला घरी सोडलं तेव्हा दवाखान्याच्या फाटकाबाहेर, 'धूम्रपान मनाई' पाटीच्या बरोबर खाली, पाच जण ओढत उभे. त्यातल्या एकाने ह्याचा उतरलेला चेहरा बघून माणुसकीने पाकीट पुढे केलं. माझ्यासमोर! मी काही बोलणार, तर मधला त्या माणसाला म्हणाला, थांबा, पाच मिनिटांनी सांगतो. आणि घड्याळ बघत उभा राहिला. पाच झाली. म्हणाला, अजून पाच. तो माणूस बिचारा कंटाळून निघून गेला.

मग मधला मला रिक्षात घालून थेट टेलरच्या दुकानात गेला. टेलरने त्याच्यापुढे शाळेच्या गणवेशांचा ढीग टाकला आणि म्हणाला, "हात मोकळे ठेवू नकोस. बटणं लाव." तीन दिवस मधला बटणं लावत होता. अशी घट्ट, घड्याळाचे स्क्रू पिळावेत तशी, की पोरांना आता शर्ट काढताच येत नाहीत म्हणे. बुधवारी पोरगी आली, पट्ट्या आल्या, मला बोलणी बसली. तिने मोठ्या डॉक्टरांना सांगून त्याच्या गोळ्याही तपासून घेतल्या, कारण धूर बंद झाला की त्याची एक गोळी अंगात जास्त चढते. ती त्यांनी कमी केली. आता तो दुपारी पेंगत नाही. आवाज अजून येतात त्याला, खोटं कशाला सांगू. पण परवा म्हणाला, "ताई, ते हल्ली खोकत नाहीत. तेही ओढत होते वाटतं." आणि स्वतःच हसला. त्याचं हसू मी कितीतरी वर्षांनी ऐकलं.

ह्या गुरुवारी त्याने फुंकर मारली. तीन. मोठे डॉक्टर मुद्दाम बघायला आले होते, त्यांनी उभं राहून त्याचा हात हातात घेतला. पोरगी कोपऱ्यात नाक पुसत होती. मी काय करत होते ते विचारू नकोस.

साहेबांना जप. पाठीला शेक दे.

तुझी,
थोरली

ता. क. तुझ्या पाठीला कोणी चौकोनी पट्टी दिली तर आधी वाचून घे.

ता. क. गुडघे त्या दिवशी खरंच दुखले नाहीत. पोरीला सांगू नकोस.

ता. क. आता ज्यासाठी एवढी पानं लिहिली ते. तू मागे म्हणालीस ना, दर गुरुवारी चारच्या सुमाराला अनोळखी नंबरवरून फोन येतो, दोनदा वाजतो आणि बंद होतो, घरात कोणी आहे का ते बघणारा चोर असेल, म्हणून तू कुलूपही बदललंस. तो चोर नाही गं. वर्ग सुटल्यावर मधला दवाखान्याचा फोन मागतो, तुला आकडा सांगायला. मग धीर सुटतो, ठेवून देतो. मी दाराआडून बघितलंय, त्याला ठाऊक नाही. पडद्याचं काही बोलू नकोस, माफही लगेच करू नकोस, तुला जमेल तेव्हा कर. गुरुवारी फक्त पहिल्याच घंटीला फोन उचल आणि विचार, आज किती आले?